सिनिशाच्या पुढ्यातला लॅपटॉप

पाणी. पाणी सांडलं म्हणून लिहा की मिस्त्री, त्यात एवढं काय विचारायचं — ग्लास होता, धक्का लागला, सांडलं. कुणाच्या घरी सांडत नाही? नाही, तुम्हीच लिहा, फॉर्म माझ्याकडे सरकवू नका, माझा चष्मा घरी राहिलाय. एकोणिसाव्या वर्षी चष्मा असतो काहींना, हसायला काय झालं. लिहा, पाणी... चिकट? चिकट कसं असेल, आमच्या विहिरीचं पाणी आहे, जरा जड आहे — बरं, कॉफी होती. साखरेची कॉफी. कॉफी म्हणजे पाणीच की, पाण्याशिवाय होते का? कॉफी लिहा आणि किती लागतील ते सांगा. आता ते काय काढलंत चिमट्यानं? दाखवा. हां. गहू आहे. शिजवलेला गहू. असतो एखादा दाणा. आणखी आहे? ठेवा तो चिमटा खाली, मिस्त्री, तुम्ही लॅपटॉप दुरुस्त करताय की मळणी करताय?

बरं, सांगतो. वाइन आहे. आणि राकिया — घरची, आलुबुखाराची दारू. आणि अक्रोड-साखरेतला गहू, मेलेल्या माणसासाठी करतात तो. असं बघू नका माझ्याकडे, तुम्हीपण इथलेच ना, नेगोटिनचे? तुम्ही आजोबांच्या थडग्यावर सिगारेट पेटवून ठेवत नाही? ठेवता. का ठेवता? ते ओढायचे म्हणून. आता माझा भाऊ — सिनिशा, मोठा भाऊ — तो ओढायचा नाही. प्यायचा नाही. सव्वीस वर्षांचा घोडा, लग्नाला गेला तरी हातात लिंबू सरबत. जेवायला बस म्हटलं तरी एक डोळा ह्या मशीनवर. मग त्याच्या पुढ्यात ठेवायचं काय? सांगा ना. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी आम्ही सिगारेट ठेवली, राकिया ठेवली, सगळं रीतसर, आणि पोरगा कुणाच्या स्वप्नात आला नाही. एकदाही नाही. फ्लोरा आत्या म्हणाली, येईल कशाला, त्याच्या उपयोगाचं एक तरी पाठवलंत का? आणि मग सहा महिन्यांच्या जेवणाआधी तिनं घर झाडायला घेतलं आणि माझ्या खाटेखाली तिला हा सापडला. बॅगेत. तिथं का होता? होता. वस्तू कुठेतरी असतेच.

तर शनिवारी थडग्यावर नेला. पांढरा टॉवेल अंथरला, वर हा, झाकण उघडून, शेजारी मेणबत्ती, भाजलेलं डुक्कर, पाव, गहू. तेवीस माणसं आणि पाद्री. आत्यानं एकेका वस्तूला हात लावून म्हटलं — हा पाव सिनिशाच्या पुढ्यात असो, हा टॉवेल सिनिशाच्या पुढ्यात असो, हा लॅपटॉप सिनिशाच्या पुढ्यात असो. चार्जरसुद्धा, तिकडे कुठला मिळणार. झिका काका म्हणाला, इंटरनेटचं नाव घ्यायचं राहिलं. मग घोट घेण्याआधी मेलेल्यासाठी थोडी ओतायची, ती तर सगळेच ओततात. मोजा तुम्ही. तेवीस जणांची राकिया, पहिल्या फेरीची, आणि आमच्याकडे एका फेरीवर कुणी उठत नाही. वर पाद्र्यानं वाइन ओतली, क्रुसासारखी, आडवी आणि उभी. जो जन्मात प्यायला नाही त्याला आम्ही आंघोळ घातली दारूनं.

अठरा हजार? अठरा हजार दिनार? अहो मिस्त्री, एवढ्यात डुकराचं पिल्लू येतं! आणि पिल्लावर कितीही वाइन ओता, ते बंद पडत नाही. नाही नाही, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. पैसे आहेत. झिका काकानं शंभर युरो दिलेत — तो व्हिएन्नाला फरश्या बसवतो, शनिवारी तिथंच रडायला लागला, माझ्या हातानं पोराची वस्तू गेली म्हणाला, आणि मर्सिडीजच्या बॉनेटवर नोट काढून ठेवली. पाद्र्यानंही दोन हजार दिले. पाद्री! जो देतो म्हणून कधी कुणी ऐकलं नाही. काका तर म्हणत होता, व्हिएन्नाला असतं तर विम्यातून सुटलं असतं, देवाच्या करणीत बसवलं असतं. पाद्र्याच्या हातून सांडलं म्हणजे देवाचीच करणी. तुमच्याकडे नाही ना तसं? वाटलंच.

पुसला की. सगळं केलं. आत्यानं मक्याच्या कणगीत पुरला दोन दिवस, मका पाणी शोषतो म्हणून. कोंबड्या वर चढल्या. मीच काढला. आणि काल पहाटे आत्या उठली ती बोंबलतच — आला! सिनिशा आला स्वप्नात! सहा महिन्यांनी आला आणि कसा आला? ओल्या विजारीत. मांडीवर हा घेऊन बसलेला, बटणं दाबतोय, आणि दाबलं की चप् चप् वाजतंय, उजेड काही नाही. अंगाला दारूचा भपकारा. आत्या म्हणते, पोरगं तिकडे जाऊन प्यायला लागलं. मी म्हटलं, आत्या, पीत नाहीये तो, आपण ओतलीय. हसू नका. तुम्हाला नियम माहीत नाही का? जे जसं ठेवाल तसं पोचतं. फाटका सदरा दिला तर तिकडे फाटका सदरा. आम्ही ओला लॅपटॉप दिला. आता तो बसलाय तिकडे, कुणाला ओळखत नाही, बोलायची सवय नाही, पीत नाही म्हणून कुणी जवळ बसवत नाही, एक हेच होतं त्याचं आणि तेही बंद. म्हणून शनिवारपर्यंत पाहिजे. परत नाव घेऊन पुढ्यात ठेवू, चालू असलेला, कोरडा. शनिवारी झाला नाही तर मी... नाही, धमकी नाही. विनंती आहे.

काय झालं? दिव्याखाली काय धरलात? हिरवा गंज कुठे? पांढरं कुठे? ते असेल मक्याचं पीठ. जुनं म्हणजे काय, किती जुनं? नाही हो, शनिवारचंच आहे, तेवीस माणसं साक्षीला आहेत, पाद्री आहे. पाद्री खोटं बोलेल का? वरचा थर शनिवारचा आणि खालचा — थरबिर काय, हा लॅपटॉप आहे, केक नाही. वाइनचं होतं तसं हिरवं. लालचं हिरवं होतं, टोमॅटो नाही का — टोमॅटोचं उलट होतं, माहीत आहे मला. शिकवू नका. द्या इकडे. द्या म्हणतो ना, दुसरीकडे नेतो, झायेचारला नेतो, तिथले मिस्त्री खणत बसत नाहीत. द्या!

...

राहू द्या. ठेवा. इतके स्क्रू काढलेत, आता मी कुठे घेऊन जाणार.

ओढू का एक? नाही चालत आत. बरं.

बिअर आहे ती. खालची. तुम्हाला कळलं होतं ना? पहिल्यापासून कळलं होतं, उगाच पाणी, कॉफी म्हणू दिलंत मला. बिअर आहे, अर्धा ग्लास, फेब्रुवारीतली. धक्का नाही लागला. मी ओतली. असा ग्लास धरला आणि वरून, बटणांवर.

तो माझा फॉर्म भरत होता. मोठ्या माणसांची शाळा असते ना, संध्याकाळची, तिचा. मला न विचारता. मी मागून आलो, पाहिलं — माझं नाव मला वाचता येतं, पाउन, आजोबांचं नाव आहे — आणि नावापुढे सहा. सहाचा आकडाही वाचता येतो मला. सहावी. शेवटची पास झालेली इयत्ता. म्हणजे हे आता कुठल्या तरी कचेरीत जाणार, कुणीतरी बाई ते बघणार, शेजारच्या बाईला दाखवणार — म्हटलं, मी काय मूर्ख आहे म्हणून जगाला दवंडी पिटतोस का? तो म्हणाला, पाउन, फक्त तुझी सही राहिली आहे. आणि मी ओतली.

मारलं नाही त्यानं. शिवी नाही दिली. मारलं असतं तर बरं झालं असतं, मीही मारलं असतं, मग जेवलो असतो. त्यानं हा उपडा केला, बुडालेल्या पोराला करतात तसा, अंगातला सदरा काढला आणि पुसत बसला. थंडीत, उघडा. आणि म्हणाला, आता परत पहिल्यापासून भरावा लागेल. बास. एवढंच. सकाळी मोपेड घेऊन निघाला. इथेच यायला. तुम्हाला फोन केला होता त्यानं, किती वाजेपर्यंत उघडं असतं विचारायला. तुम्हीच उचलला असणार, दुसरं कोण आहे इथं. तुम्हाला कसं आठवेल, दिवसाला कितीजण फोन करतात. वळणावर लाकडं भरलेला ट्रक होता. बॅगेला ओरखडासुद्धा नाही, बघा, ती तिथं आहे, बघा तुम्ही. एक ओरखडा नाही.

कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना वाटतं, बाजाराला चालला होता. शनिवारी थडग्यावर हा उघडला तेव्हा काळाच होता, मी म्हटलं बॅटरी उतरलीय. आणि ऐका — पाद्री बाजूलाच ओतत होता, मातीत. सगळे मातीतच ओतत होते, शहाणी माणसं आहेत, लॅपटॉपवर कोण ओतेल? मी सरकवला. आधी टॉवेल ओढला थोडा. मग अजून थोडा. मग हातात उचलून धरला त्यांच्या ग्लासाखाली, म्हटलं, त्याच्यावरच द्या, हाच सिनिशा समजा, द्या. आत्या ओरडली. पण गाणी चालली होती, रडणं चाललं होतं, माणसं प्यायलेली होती — त्यांनी ओतली. मला वाटलं, चोवीस जणांची सांडली की माझी त्यात दिसणार नाही. आणि दिसली नसती. काका रडला, पाद्र्यानं पैसे दिले, मी घेतले. घेतले हो. तुमचा तो दिवा नसता तर झालं होतं माझं काम.

त्यालाही तसंच पोचलं असेल ना? थरासकट. वर त्यांची, खाली माझी. तो उघडून बघेल. तो बघणारच, तुमच्यासारखाच आहे, स्क्रू दिसला की काढायचा.

एक करा. वाइनचं आणि राकियाचं काकाच्या नोटेतून घ्या. बिअरचं वेगळं बिल करा, माझ्या नावावर. नाही करता येत? सगळं एकदमच धुवायचं असतं? हा कसला धंदा मिस्त्री, खाटीकसुद्धा कलेजी वेगळी तोलतो. बरं, मग सगळंच माझं. काकाचे त्याला परत. पाद्र्याचेपण. अठरा हजार — द्राक्षतोडणीचे मिळतील, तोवर ही मोपेडची कागदं ठेवा. मोपेड नाहीये, कागदं आहेत. नको? मग पाउनच्या शब्दावर लिहा.

तुम्ही नाही लिहायचं? बिघाडाचं कारण गिऱ्हाइकानंच लिहायचं असतं, आणि सही. चष्म्याचं म्हणालो ना मी... चष्मा नाहीये माझा. कधीच नव्हता. कुठली रेघ? ही? एवढीशी? द्या पेन.

थांबा, असं वर उभं राहून बघू नका. मी लिहिताना कुणी बघितलं की अक्षरं पळतात. दादा नाही बघायचा. खिडकीकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, झालं की सांग. कितीही वेळ लागू दे, वळायचा नाही. बाहेर काय बघायचा कोण जाणे, बाहेर कोंबड्याच असायच्या. वळा तिकडे. मिस्त्री, वळ ना जरा. तिकडे तोंड कर.

...

झालं.

वाच. मोठ्यानं नको.