पांढऱ्यावर पांढरं

छे हो, तो पोपट कसला, नाक मोडलेला कावळा तो — हिरवी लोकर वापरली म्हणून पोपट म्हणायचं झालं. आणि खाली ती इंग्रजी अक्षरं. वाचता येतात तुम्हाला? मलाही नाही येत, आणि जिनं काढली तिला तरी कुठं येत असतील, मडमिणीनं नमुना दिला की मुंग्यांसारखं मोजून मोजून भरायचं, झालं. शाळेच्या प्रदर्शनात दरवर्षी हेच. जाळीच्या कापडावर पोपट, नाहीतर कुत्रं, नाहीतर लोकरीच्या सपाता — आणि त्या सपाता घालायच्या कुणी, तर कलेक्टरसाहेबांनी. आपल्याकडं कुणाच्या पायात लोकर बघितलीय तुम्ही? पण ठाण्यातल्या मुली कशिदा शिकल्या, असं मुंबईच्या पत्रात छापून येतं, आणि मुलींचे बाप ते कात्रण खिशात घालून कचेरीत दाखवत हिंडतात.

असं पुढं या, उजेडात. हे टोपडं बघा. वरून कसं छान दिसतं, नाही? आता उलटं करा. करा हो, कुणी ओरडत नाही, मी दरवर्षी करते. बघा, पाठीमागं नुसता गुंता — एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा तसाच ओढत नेलाय, कापायचा कंटाळा. बाळाच्या टाळूला टोचलं म्हणजे कळेल. आमच्या सासूबाई काम आधी उलट्या बाजूनं बघायच्या, सुलटी बाजू बघायचीच नाही म्हणायच्या, ती काय, जगाला दाखवायची असते. मी पण तसंच शिकले, आणि शिकवलं पण तसंच.

कुणाला म्हणजे? घरात. शाळाबिळा नव्हती तेव्हा इथं. मी तलावपाळीवर राहते, प्रभाकरपंत वकिलांच्या घरातली — आवडाबाई म्हणतात मला. तुम्ही कल्याणच्या ना? वाटलंच, आगगाडीचा कोळसा उडालाय पदरावर. बहिणीकडं आला असाल. नाही? मग इतक्या लांब हे पोपट बघायला?

तो? तो मधला, चौकटीतला? हं. त्याला पहिलं बक्षीस दिलंय यंदा. बघितला मी. काय त्यात, पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, जाईचा वेल आहे हे चार पावलांवरून कळत सुद्धा नाही, नाक लावून बघावं लागतं. आणि कापड तरी नवं घ्यावं — जुन्या उपरण्याचा तुकडा आहे तो, कोपरा जळलेला, त्यावर पानं भरून झाकलाय. जळक्या चिंधीला पहिलं बक्षीस, म्हणजे परीक्षक कसे ते समजा.

जळलेला कशावरून? दिसतो की. तुम्हाला नाही दिसत, कारण पानं फार बेमालूम भरलीत. मला ठाऊक आहे म्हणून दिसतो.

पाठ बघायचीय? काच आहे वर, नाही बघता येणार. पण बघितलीत तरी सुलटी कुठली ते ओळखू येणार नाही तुम्हाला. गाठ नाही एकसुद्धा. ते इथं नाही कुणी शिकवलं तिला — ती रखमाबाई मास्तरीण सगळ्यांना सांगत फिरते, आमच्या शाळेचं काम, आमच्या शाळेचं काम. रखमाबाईला साखळीचा टाका धड येत नाही. नऊ वर्षांची होती मालन आमच्या घरात आली तेव्हा, सुई कशी धरायची माहीत नव्हतं. जाईचा वेल मी कोळशानं फरशीवर काढून दिला, तिनं चार दिवसांत उतरवला. मी तिला मांडीवर घेऊन — जाऊ दे.

सून. माझी सून ती. होती. माझा त्र्यंबक पटकीनं गेला, दोन दिवसांत गेला, सकाळी कचेरीचे कपडे मागितले आणि दुसऱ्या संध्याकाळी नव्हताच. ती पंधरा वर्षांची होती. मग मी म्हटलं, आता रंगीत दोऱ्याला हात लावायचा नाही. का म्हणजे काय, तुमच्या घरात नाही रीत? पेटी घेतली तिची, रेशमाच्या लडी होत्या, सगळ्या वाटून टाकल्या. सहा महिन्यांनी एका दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर चुलीच्या उजेडाला बसून भरतेय. त्र्यंबकचं उपरणं होतं ते — पेटीत जपून ठेवलं होतं मी, न धुता — त्याच्याच काठातनं पांढरे धागे उसवून काढले होते, आणि त्याच्यावरच जाई. मला म्हणते कशी, आई, रंगीत नाही हो हा.

मी ओढलं आणि चुलीत टाकलं. माझ्याच मुलाचं. तिनं हात घातला. विस्तवात, विचार न करता, असा कोपरापर्यंत. बाहेर काढून छातीशी धरून बसली, आणि रडली नाही, ते मला जास्त — तुम्ही बघितलं असेल दुपारी, बक्षीस घेताना, उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत तिची. आणि त्या हातानं हे केलंय. पाकळ्यांच्या कडा बघा. मला नाही येणार असं, डोळे होते तेव्हाही नसतं आलं.

मग गेली. त्याच दुपारी. माहेर कळव्याचं, तिथं भावजयीनं उंबरा ओलांडू दिला नाही, म्हणून रखमाबाईच्या दारात. तीन वर्षं झाली. समोरासमोर आलो तर ती पदर सारखा करते आणि मी तळ्याकडं बघते.

काय म्हणालात? कल्याणच्या शाळेसाठी? तुमच्या शाळेसाठी का — असं असं. शिवण शिकवायला. आणि राहायला खोली. म्हणजे तुम्ही पोपट बघायला नाही आलात, तिला बघायला आलात, आणि मघापासून मला बोलू दिलंत. बरं केलंत. मग न्या की. अडलंय कुठं?

कुणी सांगितलं हे तुम्हाला?

नाही, नाव नका सांगू, नाव नकोय मला. शिपायाशी हसून बोलायची, म्हणून सासूनं घालवून दिली. असंच ना? हेच शब्द ना? कल्याणपर्यंत गेलं म्हणजे. ऐका बाई, इकडं बघा. तो इथल्या शाळेचा शिपाई साठीचा आहे, भिवा त्याचं नाव, एका कानानं बहिरा, बाहेर दाराशी चपला राखत बसलाय, जाताना बघा. त्याच्याशी कुणी हसून बोलत नाही, ओरडून बोलावं लागतं. ते मी सांगितलं होतं. देवळाच्या ओट्यावर, चारजणींत. विचारत होत्या सगळ्या, सून कुठं, सून कुठं, आणि मी काय सांगायचं होतं — की मी तिचा हात भाजला? तेव्हा तोंडात आलं ते बोलले. पुढं गावानं ते घोळवलं, माझ्याकडंच परत आलं, आणि मी नाही म्हटलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही म्हटलं नाही.

आता म्हणते. खोटं आहे ते. सासूनं स्वतः सांगितलं म्हणा तुमच्या शाळेच्या पंचांना, हवं तर लिहून घ्या, मी अंगठा देते. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. कमी बोलते, हट्टी आहे, भात मऊ करते — एवढंच काय ते वाईट. मुलींना ओरडायची नाही, तेव्हा तुमच्या मुली डोक्यावर बसतील, ते तुम्ही बघा. आणि खोली कोरडी द्या, पावसाळ्यात तिचा हात दुखत असणार.

नाही, मला नाही भेटायचं. काय बोलणार? मी बघायला येते दरवर्षी, बघते आणि जाते. ती खांबाशी उभी आहे बघा, हात पदराखाली घेतलेली. जा, विचारा तिला. आज विचारा, उद्यावर टाकू नका.

थांबा. इकडं बघितलंन तिनं. — इकडंच निघाली की. तुम्ही जा हो. जा म्हणते ना, उभ्या काय राहता, मधून बाजूला व्हा.