बाबांना सांगितलेला तमिळ सिनेमा

बाबांना मी तमिळ सिनेमा कसा समजावला, ते ऐका. भाईंदरला तो लागला तेव्हा शेजारच्या तमिळ मामी आम्हाला घेऊन गेल्या. मूळ कादंबरीची गोष्ट त्यांनी मला आधीच सांगितली होती, म्हणून बाबा अर्थ मलाच विचारत होते. एरवी, माझं कॉलेजातल्या एका मुलाशी जमलंय हे कळल्यापासून ते माझ्याशी धड बोलत नव्हते.

पडद्यावर नायिकेचा बाप तिच्यावर ओरडू लागला.

“काय म्हणतोय?”

“तुझ्या पसंतीने लग्न कर म्हणतोय.”

“मग ओरडतोय कशाला?”

“बापांना सवय असते.”

पलीकडून मामी म्हणाल्या, “भाऊ, झूठ बोलते ही. तंगडी तोडीन म्हणतोय तो.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “मामी, कादंबरीत पोरगी पुढे काय करते?”

“पळून जाते.”

मध्यंतर होताच बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, “येत्या रविवारी त्या मुलाला जेवायला बोलाव.”