लाल दोऱ्याचं वांगं

माझं माहेर सोनगीरचं, किल्ल्याच्या पायथ्याशी घर, अन दिली इकडे यावलच्या अंगाले, म्हनजे धुळ्याची पोर जळगावात आली, तर पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं की सासरचे हसायचे, कारन मी म्हनायची भाकर तयार शे, पानी गरम शे, अन इकडे कोनी शे म्हनत नही, आहे म्हनतात. आता चाळीसच्या वर वर्षं झाली, आता मी इकडच्यासारखीच बोलते, पन राग आला की शे येतंच तोंडात. तेही लिहा भाऊ. लपवून लपवून काय झालं तेच तर सांगायले बसली मी.

सासू माझी लई कडक, पन वांग्याच्या वाफ्यात गेली की निराळीच बाई. आमचं भरताचं वांगं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, दिसायले एवढं मोठं अन हातात घेतलं तर हलकं, बी कमी. ती ओळीओळीनं फिरायची अन मले सांगायची, नुसतं फळ नको पाहू, झाड पाय. फळ देखनं पन झाड रोगट, सोड. झाड धट्टंकट्टं पन फळ जड, तेही सोड. असं करत करत सात-आठ झाडं ठरायची, त्याच्यावरच्या एकेका वांग्याले लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या वांग्याले कोनी हात लावायचा नही, मग दारात कोनी का येईना. ते झाडावरच पिवळं पडायचं, मग त्याचं बी राखेत चोळायचं, सावलीत वाळवायचं, डब्यात भरायचं. तिच्या सासूनंही असंच केलं. माझी सासू गेली तेव्हा घराच्या किल्ल्या मोठ्या जावेले दिल्या अन डबा मले. मले तेव्हा रागच आला व्हता, खोटं काहाले बोलू. पुढे कळलं काय दिलं ते.

मग माझं नाव झालं. अक्काचं वांगं, अक्काचं वांगं, जो तो तेच म्हने. नाव झालं अन मी फुगली. माझ्या भावाची बायको निर्मला, सोनगीरची, साधी बाई, तिनं एकदा चिमूटभर बी मागितलं. दिलं मी, निवडायचं कसं, दोरा कसा बांधायचा तेही सांगितलं, पन वर बोलली काय, तुमच्या त्या मुरमात काय येनार आहे, लाव शोभेले. तिनं ते पदराच्या गाठीले बांधलं अन गेली.

आता मुख्य सांगते. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करतात, पऱ्हाटीच्या, म्हनजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजायची, तिथंच ठेचायची, तिथंच पंगत. माझ्या पोरानं जळगावचे मोठे लोक बोलावले, त्यांनी आनखी चार जन सोबत आनले, अन भर दुपारी वांगी सरली. पोरगा आला, माय आनखी आन, साहेब म्हनता असं भरीत जन्मात खाल्लं नही. काय सांगू तुमाले, हे ऐकलं अन माझं डोकं फिरलं. सरलं म्हनायले काय व्हतं? पंगतीले वरन-भात वाढता आला असता. पन मी गेली वाफ्यात, अन एकेक दोरा सोडला. सोडलेले दोरे पदरात बांधले अन वांगी काड्यांवर टाकली. लोकांनी बोटं चाटली, कोनीतरी माझा फोटो काढला. मी हसली त्या फोटोत.

डब्यात मागचं बी असंल म्हनून मी निर्धास्त. रोप टाकायच्या टायमाले डबा उघडला तर ओल लागून बी काळं पडलं व्हतं. टाकलं तरी, पन एक रोप उगेल तर शपथ. मग मी यावलले नही गेली, तिथं सगळे ओळखतात, रावेरच्या नर्सरीत गेली, तिथून संकरित रोपं आनली. नर्सरीवाला म्हनला, बाई, याचं बी धरू नका, दरसाल नवी रोपं न्या. मले वाटलं, धंद्यासाठी बोलतो. वांगी आली, हुबेहूब आमच्यासारखी, वरून जरा मोठीच. लोक म्हनले, अक्का, यंदा तर कमाल केली. अन मी, भाऊ, त्या वांग्यांनाही लाल दोरा बांधला. लोक पाहत व्हते ना. अशी चार वर्षं मी रावेरले जात राहिली अन दोरे बांधत राहिली.

माझी नात चेतना दहावीले गेली. शाळेत विज्ञानाच्या मॅडमनं शिकवलं, मानसानं पिढ्यान्पिढ्या निवड करून पिकं कशी घडवली, अन आता प्रयोगशाळेत एका जीवाचा जीन काढून दुसऱ्यात कसा घालता. पोरगी नाचत घरी आली. म्हने आजी, आपल्या कपाशीत जंतूचा जीन घातलेला आहे, बोंडअळीसाठी, ते मोठ्या शास्त्रज्ञांनी केलं, पन आपलं वांगं तर तुम्ही बायांनी नुसत्या डोळ्यांनी पारखून केलं! मी यावरच प्रकल्प करनार, मले बी दे. तेव्हा सांगायचं व्हतं ना मी? नही सांगितलं. दोऱ्याच्या वांग्याचं बी काढून पुडी बांधून दिली.

तिनं शाळेच्या परसबागेत लावलं, वर पाटी लावली, माझ्या आजीचं वांगं. अन फळं लागली तर एक लांबोळकं, एक चेंडूसारखं, एकाले रेघाच नही, एकाच्या देठाले काटेच काटे. पोरं हसली. मॅडम म्हनल्या, बेटा, हे संकरिताचं बी दिसतं, संकरिताची पुढची पिढी अशी फुटते, आजीले एकदा विचार. पोरगी वर्गात भांडली, माझी आजी खोटं बोलत नही. अन घरी येऊन मले विचारलं.

मी काय म्हनली सांगू? मी म्हनली, तूच पुडी बदलली असशील, कुठं ध्यान असतं तुझं.

जीभ झडली नही माझी. दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली, पुडी माझ्याकडून बदलली म्हने, माफ करा. तिचा प्रकल्प तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाले जानार व्हता, तो गेला नही. अन संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली, म्हनली, आजी, माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं. माझं नाव!

तिसऱ्या दिवशी मी शाळेत गेली. मॅडमनं खुर्ची दिली, मी बसली नही. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, पोरगी खरी आहे, खोटी मी आहे, बी मीच खाऊ घातलं. चेतनानं मान वर केली नही. घरी येताना माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली, एकदाही मागं वळली नही. बरोबरच केलं तिनं.

मग मी एसटीनं सोनगीरले गेली. निर्मलाच्या परसात पाहिलं तर आमचंच वांगं, अन त्याले जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी बांधलेली. त्या मुरमात! एवढी वर्षं ती दरसाल निवडत राहिली, मी सांगितलं व्हतं तसंच. मी तिचे पाय धरायले वाकली तर तिनं मले धरलं अन म्हनली, अक्का, रडू नका, तुमनंच शे ते, लई जा. म्हनजे तुमचंच आहे ते, घेऊन जा.

यंदा लावलं. चेतना आता अकरावीले आहे, बोलते माझ्याशी, पन पहिल्यासारखं नही. वही घेऊन वाफ्यात येते, झाड मोजते, फळ मोजते. वर लिहिलंय, बियानं निर्मला मामीआजीचं, सोनगीर. मले विचारलं, आजी, तुझं नाव कुठं लिहू? मी म्हनली, कोनी हरवलं ते लिहायचं असंल ना, तिथं लिही. तिनं लिहिलं. पुसलं नही.

मग म्हनली, दोरा दे. मी डब्यातून ते जुने दोरे काढले, पंगतीच्या दिवशी सोडलेले, कधी फेकवले नही माझ्यानं. मी दोरा पुढे केला, तिनं बांधला. एक गाठ मारली, मग माझ्याकडे पाहून दुसरी मारली. मी म्हनली, बरं केलं माय. तुझ्या हातचं सगळं पिवळं होऊ दे, बियाले येऊ दे.