फाटक कुणाच्या अंगाला

—आणि हो मॅडम, विमानतळावर मी धरलेली ती पाटी मनावर घेऊ नका. शुद्धलेखन माझं असंच, नववीतच शाळा सुटली ना. बोलणंही साधंच. तुमच्या ऑफिसच्या नावातला 'अर्थसंकल्प' लिहायला तीन पुठ्ठे घालवले, तरी चुकलाच. तुम्ही हसला नाहीत, बरं वाटलं. आता परत सोडायला निघालोच आहोत तर एक सांगायचंय— समोर रस्त्याकडं बघूनच सांगतो, गाडी चालवताना मला बोलता येतं, एरवी जमत नाही.

कालचे आकडे खोडा. देवळाली प्रवराच्या मळ्यांतले सगळे, आमच्या वस्तीचेसुद्धा. का? सांगतो की. तुम्ही येणार कळलं तेव्हा मीच घरोघर फोन केले. म्हटलं, आपल्या खासदारांना संसदेत योजना मांडायचीय— बिबट्याच्या भागात उसात राहणाऱ्या प्रत्येक घराला सौर कुंपण. दिल्लीच्या मॅडम तिचा खर्च काढायला येतायत, तर जरा मोठं सांगा. मोठं मागितलं की मोठं मिळतं, असंच वाटतं ना आम्हाला. मग काय— बन्सीतात्यांच्या एका घराची चार झाली, गोठ्याला दार आहे म्हणून तेही घर. भिमाजीनं तर कोंबड्यांच्या खुराड्याबाहेर चपला काढून ठेवल्या होत्या. तुम्ही वाकून आत बघितलंत तेव्हा मी उसाकडं तोंड फिरवलं. आणि बिबटे— आहेत हो, खोटं नाही, माझ्या दोन शेळ्या नेल्या त्यानं— पण काल सांगितले तेवढे असते तर तुम्हाला सांगायला आमच्यातलं कुणी उरलं नसतं.

वर तुम्ही कुणाचा चहासुद्धा घेतला नाहीत, पेरूचेही पैसे दिलेत. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही बाई पटायची न्हाई, दुसरी मागव." मी म्हटलं, तात्या, यांचं ऑफिस कुणाचंच नाही, ना सरकारचं ना विरोधकांचं. तर म्हणतात, "मंग ह्यांना पगार देतं कोन?"

पण संध्याकाळी लॉजवर उतरताना तुम्ही म्हणालात ते डोक्यात बसलं— योजना चांगली का वाईट ते आम्ही सांगत नाही, किती पडेल तेवढं सांगतो. आणि आकडा फारच फुगला तर खासदार ती मांडतही नाहीत. झालं. म्हणजे खुराड्याला कुंपण मागता मागता आमच्या आईचंच जायचं. पहाटे अंधारात ती धार काढते आणि मी शेजारी पत्र्याचा डबा बडवत उभा असतो— हसा, हसा, म्हैससुद्धा वैतागलीय— पण डबा थांबला की आई मागं वळून बघते. ते बघणं थांबावं, एवढंच हो.

म्हणून आज सकाळी धार झाली आणि मोटरसायकल काढली. प्रत्येक मळ्यात गेलो, म्हटलं, आता खरं सांगा. शिव्या खाल्ल्या, पण सांगितलं. नवे आकडे तुमच्या मोबाईलवर टाकलेत, तुम्ही पडताळालच. शेवटी राहिलं आमचंच. काल मी दोन घरं म्हणालो होतो ना, मधे भिंत आहे म्हणून? ती भिंत गहिनीनाथदादानं घातली, माझ्या थोरल्या भावानं. तेव्हापासून बोलणं बंद. कशावरून ते नका विचारू— गोठ्याच्या वाटेवरून. ती कुणाच्या बाजूनं जावी, यावरून. जाऊ द्या. दोन्ही घरं एकाच कुंपणात बसतात, पण ते विचारायला भिंतीपलीकडं जावं लागतं. गेलो. दादा दात घासत होता. मी म्हटलं, "एकच कुंपन लिहायचंय." त्यानं चूळ भरली, उसाच्या बाजूला टाकली. मग म्हणाला, "डबा रोज ऐकू येतो मला. लिव्ह एक. पन फाटक माझ्या अंगाला."

मी व्हय म्हणालो आणि तसाच तुम्हाला घ्यायला आलो.

उतरा मॅडम, विमानतळ आलं. आमच्या वस्तीतलं एक घर कमी करा.