चौदा भोकं

(डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं लहानसं दुकान. बंद व्हायची वेळ झालेली. काउंटरवर एक जुनं लाल हेल्मेट उलटं ठेवलंय. अलीकडे बाप आणि लेक, पलीकडे दुकानवाली.)

दुकानवाली : आणि ही भोकं? ही काही कंपनीची नाहीत.

बाप : नाहीत. माझी आहेत.

दुकानवाली : तुमची म्हणजे?

बाप : मी पाडली. चौदा आहेत. डाव्या अंगाला सात, उजव्या अंगाला सात. आधी कागदावर आखून घेतली, मग ड्रिल लावलं. आतून बोट फिरवून बघा, कुठं खरखर लागणार नाही. कानस मारून वर पॉलिश पेपर फिरवलाय. हिचे केस अडकायला नकोत.

दुकानवाली : नाही लागत हो. हात चांगला आहे तुमचा.

बाप : तेहेतीस वर्षं फिटर आहे, बाई. हिला यात गरम व्हायचं, डोकं चढायचं. म्हटलं, वारा तरी खेळेल. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की विचारू नका. तिथं सगळ्यांच्या कामावरच्या प्लास्टिकच्या टोप्यांना मीच भोकं पाडून दिलीत. साहेबाच्यासुद्धा.

लेक : बाबा, त्यांना दुकान बंद करायचंय. ताई, तुम्ही स्वस्तातलं एखादं दाखवा. डोक्याला टोचणार नाही असं. बास.

दुकानवाली : दाखवते. पण मला एक खोड आहे. जुन्याचं काय झालं ते ऐकल्याशिवाय मी नवं विकत नाही.

लेक : गाडीवरून पडलं. मघाशी सांगितलं ना.

दुकानवाली : सांगितलंस. काका, तुम्ही बसा ना त्या स्टुलावर. एकच आहे, ज्याचं जास्त दुखतंय त्यानं बसायचं.

बाप : मग तुम्हीच बसा. मघापासून एकाच पायावर उभ्या आहात.

दुकानवाली : गुडघा आहे. जुना आहे, त्याला सवय आहे. तुम्ही बसा.

बाप : बसतो. सकाळी सहाला गेलोय कामावर, वर ओव्हरटाइम. हीसुद्धा दिवसभर लॅबमध्ये उभीच असते, लोकांचं रक्त काढत. घरात तिघं आहोत आणि संध्याकाळी तिघंही भिंतीला टेकलेले असतो. हिची आई तर भाजी निवडताना झोपते.

लेक : बाबा.

बाप : खोटं आहे का?

दुकानवाली : आता तू सांग, या हेल्मेटमध्ये नेमकं कुठं दुखायचं?

लेक : इथं. कपाळावर आणि कानशिलापाशी. दोन तासांनी ठणका लागायचा.

दुकानवाली : मागचं हे चाक पार शेवटपर्यंत आवळायचीस?

लेक : हो. नाहीतर डोळ्यांवर यायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं होतं, त्यानं ग्रुप सोडून जाताना दिलं.

दुकानवाली : त्याचं डोकं तुझ्यापेक्षा मोठं होतं, एवढंच. हे तुला एक माप मोठं आहे. आवळून आवळून पट्टी रुतायची, म्हणून ठणका.

बाप : म्हणजे गरमीनं नाही?

दुकानवाली : थोडं गरम होणारच, काका. पण दुखायचं ते मापामुळं.

बाप : म्हणजे भोकं नकोच होती.

लेक : असू दे ना बाबा. वारा येत होता. खरंच येत होता.

दुकानवाली : इकडे ये. दिव्याखाली. हा तडा दिसतोय? या भोकापासून निघालाय आणि या भोकाशी थांबलाय. मग इथून पुढच्या भोकाला. तीन भोकं ओळीनं जोडलीत.

बाप : पडल्यावर जाणारच तडा. प्लास्टिकच आहे शेवटी.

दुकानवाली : गाडीवरून पडलं तर कड घासते, काका. कडेला ओरखडा नाही. हे डोक्यावर असताना वरून आलंय. पेरूएवढा तरी दगड असणार. आतला फोमसुद्धा बसलाय बघा इथं.

बाप : काय म्हणतायत या?

लेक : काही नाही.

बाप : डोक्यावरचा रुमाल काढ.

लेक : बाबा, दुकानात कशाला...

बाप : काढ म्हणतो ना. आठवडाभर बघतोय, घरातसुद्धा रुमाल. आई म्हणाली केस धू, तर म्हणालीस वेळ नाही. काढ.

दुकानवाली : किती टाके?

लेक : तीन. छोटे आहेत. लॅबच्या वरच डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांनी घातले. दुखत नाहीत आता.

बाप : कधी?

लेक : गेल्या रविवारी. मी वर चढतसुद्धा नव्हते. खाली उभी राहून दोर धरला होता. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला. तो ओरडला, पण मी बाजूला होईपर्यंत आला.

दुकानवाली : खालच्यालाच जास्त लागतात. वरच्याचं सगळं लक्ष हातापायांत, आणि खालचा मान वर करून बसलेला. बरं, तुम्ही दोघं बोला. आत जाऊन बाकीची काढते.

बाप : जाऊ नका. मला एक सांगा. भोकं नसती तर?

दुकानवाली : नसती तर काय झालं असतं ते कोण सांगणार, काका.

बाप : मी फिटर आहे. मला सांगा.

दुकानवाली : मग तुम्हालाच ठाऊक असेल. पत्र्याला ओळीनं भोकं पाडली आणि वर हातोडा घातला तर तो कुठं फाटतो?

बाप : भोकांच्या ओळीत.

दुकानवाली : हं.

बाप : तिथंच फाटतो. शिकाऊ पोरांना मीच शिकवतो हे. पहिल्या आठवड्यात.

लेक : बाबा, तुम्ही मुद्दाम केलं का? घाम येतो म्हणून केलंत.

बाप : तुला माहीत होतं?

लेक : काय?

बाप : भोकं पाडलेलं डोक्यावर घालायचं नसतं, हे.

लेक : ताई, ते निळं दाखवा ना.

बाप : मी विचारतोय.

लेक : होतं. पहिल्याच दिवसापासून. आमच्यात शिकवतात पहिल्यांदा. भोक पाडायचं नाही, रंग द्यायचा नाही, जोरात आपटलं की टाकून द्यायचं.

बाप : आणि तरी घातलंस? चार महिने?

लेक : हो.

बाप : का? डोकं फिरलं होतं का तुझं? एक शब्द बोलली असतीस! मी काय खाणार होतो तुला?

लेक : काय बोलणार होते? मी कड्यावर जाते म्हणून वर्षभर तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हता. जेवताना आईला सांगायचात, तिला विचार भात हवाय का. मी समोर बसलेली असायचे. आणि त्या रविवारी तुम्ही हे हातात घेतलंत आणि विचारलंत, कुठं दुखतं गं. वर्षभरानं. मग अख्खी दुपार गॅलरीत बसून भोकं पाडलीत. चहासुद्धा तिथंच मागवलात. संध्याकाळी माझ्या डोक्यावर ठेवून म्हणालात, आता जा. तेव्हा मी म्हणायचं होतं, बाबा, हे आता कचऱ्यात टाका?

बाप : म्हणायचं होतं.

लेक : नाही जमलं.

बाप : उद्या काही झालं असतं, तर आईला काय तोंड दाखवलं असतं मी? माझ्याच हातानं...

लेक : म्हणून तर गाडीवरून पडलं म्हणाले.

दुकानवाली : काका, हे पाणी घ्या. आणि तू समोर ये. रडायचं तर घरी जाऊन रडा दोघं, मला अजून गल्ला मिटवायचाय. हे घाल. नाही, पट्टा लावू नकोस. कपाळावर खाली घे, भुवईच्या वर दोन बोटं. आता चाक फिरव. बास, एवढंच. आता नाही म्हण.

लेक : काय?

दुकानवाली : मान हलवून नाही म्हण. जोरात. तुला सवय नाही असं दिसतंय.

लेक : नाही. नाही.

दुकानवाली : डुगडुगतंय. काढ. ते पांढरं घाल.

बाप : पांढरं चांगलं दिसतंय. अगदी हलकं आहे हो हातात. तेच द्या. महाग असलं तरी चालेल.

दुकानवाली : मला चालणार नाही. हे नुसत्या फोमचं आहे, जपणाऱ्या माणसासाठी. ही पोरं पिशवी बसच्या टपावर भिरकावतात, वर दोन जण बसतात. महिन्यात चेपेल. तुम्हाला अपराधी वाटतंय म्हणून महाग घ्याल आणि ही पुन्हा बोलणार नाही.

बाप : मग काय देऊ हिला?

दुकानवाली : हे राखाडी. लाल होतं ना, त्याच जातीचं. वर जाड प्लास्टिक, आत फोम, माप लहान. तळहातावर जरा जड लागेल, पण पांढऱ्याच्या निम्म्या किमतीत येतं आणि दणकट आहे. घाल. चाक. टाक्यांना लागतंय?

लेक : नाही. पट्टी त्याच्या खालून जाते.

दुकानवाली : टाके निघेपर्यंत जायचं नाहीये, हे सांगायला नको. वेणी मागून बाहेर काढ. आता नाही म्हण.

लेक : नाही. नाही. नाही!

दुकानवाली : हललं नाही. दहा मिनिटं तसंच घालून राहा. दुकानात आरशात सगळीच बरी वाटतात, दुखायला लागतं ते नंतर. तोवर मी लालचं बघते. काका, हे मी कापून टाकते हं. नुसतं टाकलं तर कुणीतरी कचऱ्यातून उचलून पोराला घालतं. करवत मी त्यासाठीच ठेवलीय.

बाप : इकडे द्या. मी कापतो.

लेक : बाबा, राहू द्या. त्या करतील.

बाप : पाडली मी, कापतोपण मीच. पातं बदला कधीतरी, बाई, दात गेलेत. हं. इथून कापलं की सरळ जाईल. भोकांच्या ओळीत.

दुकानवाली : दोनच तुकडे पुरे. पावती कुणाच्या नावानं करू?

लेक : कुणाच्याही. बाबा, झालं आता. किती वेळ ते तुकडे हातात धरून बसणार आहात? चला, आई वाट बघत असेल. बाबा?

बाप : दुसरी पाळी दहाला सुटते आमची. किती वाजले?

लेक : आत्ता साडेआठ. पण का?

बाप : अजून वेळ आहे मग. तू रिक्षा करून घरी जा. मी कारखान्यात जाऊन येतो.

लेक : आत्ता? सकाळी सहाला निघालायत घरातून. नीट उभं राहता येत नाहीये तुम्हाला.

बाप : शेडमध्ये एकोणीस टोप्या आहेत. सगळ्यांना माझी भोकं आहेत. वरून क्रेन फिरते तिथं.

लेक : फोन करा ना.

बाप : फोनवर काय सांगू? आत फोन चालतसुद्धा नाही. ते लहान माप आहे ना, ते घातलेलंच ठेव, दहा मिनिटं झाली नाहीत अजून. बाई, त्या टोप्या कुठं मिळतात, तुम्हाला माहीत आहे का? कामावरच्या?

दुकानवाली : माझ्याकडे नाहीत. मागच्या गल्लीत एक आहे, त्याचा नंबर देते. आज उघडायला लावते त्याला. ओळखीचा आहे.

बाप : उपकार होतील. साहेब ओरडेल. ओरडू दे.

लेक : बाबा, एक सांगू? चिडू नका. त्यातल्या दोघा-चौघांना तरी माहीत असेल. इतकी वर्षं कामावर आहेत ती माणसं.

बाप : असेल.

लेक : तुम्ही मेहनतीनं करून दिलंत, म्हणून बोलले नसतील.

बाप : हो ना. तुझ्यासारखेच गप्प बसले असतील. म्हणून तर जायला पाहिजे.

लेक : मग मी पण येते.

बाप : दमलीयस तू.

लेक : नाही.

बाप : बरं, चल. ते डोक्यावरचं काढू नकोस.