कडक भाकरीचा खप

— वाढली की, मॅडम! विक्री वाढली, लिहा बिनधास्त. गेल्या साली ह्या महिन्यात दिवसाला दीडशे भाकरी जात होत्या, आता अडीचशे जातात. असं का बघताय, खोटं वाटतंय? शुक्रवार पेठेत कुणालाबी विचारा, महेश्वरीकाकूची भाकरी म्हणलं की दुकान दाखवतील. बसा की. सरकारी सर्व्हे म्हणजे उन्हातान्हात वणवण — पाणी घ्या आधी.

पण एक विचारू? तुमच्या कागदावर मऊ भाकरी वेगळी आणि कडक वेगळी, असं न्हाय व्हय? सगळं एकाच रकान्यात? मग कसं कळायचं तुमाला! मऊ भाकरी न्यायची कुणी — ज्याला दुपारी कामावर जेवायचंय त्यानं. मागच्या बोळातल्या टॉवेलच्या कारखान्यातली माणसं रोज न्यायची, पिठल्यासंगं. ती आली निम्म्यावर. आणि कडक — ती महिनाभर टिकते, ती लांब निघालेला माणूस नेतो. पूर्वी पुण्याला शिकणारी पोरं न्यायची, दहा-वीस. आता अख्खी घरं नेतात. शेजारच्या चनबसप्पानं चाळीस नेल्या, आठ दिवसांत दाराला कुलूप. कोपऱ्यावरच्या बजाबाईनं साठ — तिच्याबी दाराला कुलूप. आता कुणी जास्त मागितल्या की, कुटं निघालात म्हणून मी विचारतच न्हाय. बांधून देते. व्हय, विक्रीच की ती. धरा त्यात.

आणि सगळ्यात मोठी ऑर्डर तर — जाऊ द्या. न्हाय, हे लिहू नका. पेन खाली ठेवा आधी. कारखान्यातला जोतीराम आला होता परवा, माग दुरुस्त करणारा. पाचशे कडक पायजेत म्हणाला, रविवारपर्यंत. मी म्हणलं, कुणाच्या लग्नाला रे? लग्नात कडक भाकरी वाढतात व्हय! तो हसला न्हाय. म्हणाला, काकू, कारखान्यातले सगळे माग उचलून न्यायला बाहेरची माणसं येणार हायत, ट्रकमधनं मागाबरोबरच जाणार, पार दुसऱ्या राज्यात; वाटेत खायला त्यांनाच ह्या भाकरी. रविवारी, सुट्टीच्या दिवशी. कामगारांना काय बी माहीत न्हाय. तोंड उघडू नका, पुढच्या ऑर्डरीबी तुमालाच.

मग बसले गप्प. तुमी काय केलं असतं? — राहू द्या, सांगू नका.

हळू बोला. आत वैजयंती हाय, भाकरी थापतीय. तिच्यासारखा हात साऱ्या पेठेत न्हाय, कागदासारखी पातळ करते. तिचा नवरा प्रभु त्याच कारखान्यात. त्याला कुर्डुवाडीला रेल्वेच्या ठेकेदाराकडं काम मिळत होतं, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. काल मला विचारत होती — काकू, जावं का ऱ्हावं? बिऱ्हाड हलवायचं, पोरीची शाळा सोडवायची, जीव होत न्हाय. मी काय म्हणलं असेल? चालतं काम सोडून कुटं जातीस, येडी का काय — एवढंच म्हणलं. जबरदस्ती न्हाय केली. आता तिनं माझं ऐकलं त्याला मी काय करू? काकूला सगळं ठाऊक असतंय, असं वाटतंय तिला. आणि ती गेली असती तर पाचशे भाकरी कुणी थापल्या असत्या? ही मनगटं बघा माझी, सुजून भप्प झालीत. रविवार उलटला की सांगणारच होते तिला. देवाशपथ सांगणार होते — काय? संध्याकाळच्या आत? व्हय... व्हय की, तेबी खरंच. मी आपली रविवार-रविवारच करत बसले. थांबा, अजून दुपारच हाय, प्रभुला फोन करायला सांगते. हाक मारते बघा आताच. वैज—

काय गं, तूच आलीस बाहेर? कुणाचा फोन होता? प्रभुचा?... कळवून टाकलं?... येत न्हाय म्हणून... दुसरा माणूस बी घेतला त्यांनी? लगेच?

हसतीस काय अशी. ... बरं. बरं झालं, बाई. जा, तव्यावरची करपंल.

मॅडम, उठा तुमी. गिऱ्हाईक यायची वेळ झाली. उठा म्हणलं ना.