एकविसावं पत्र

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बोलत बसल्या होत्या. धाकटी कुठल्याशा शाळेची मुख्याध्यापिका.

"ताई, परीक्षेतली कॉपी पकडल्यापासून मला एकवीस पत्रं आली. वीस शिव्यांनी भरलेली, मारून टाकू म्हणणारी."

"आणि एकविसावं?"

"कॉपीत सापडलेल्या एका मुलाच्या वडिलांचं, नावानिशी. 'बाई फार शिस्तीच्या होत्या, मुलांना नेहमी आठवतील.' मला तर बरंच वाटलं. मी सगळी पत्रं पोलिसांना दिली, तर त्यांच्या कॉम्प्युटरने ती वाचून सगळ्यात धोक्याचं म्हणून नेमकं तेच वर काढलं."

"त्यात धमकी कुठे आहे गं?"

"मी अजून तिथेच आहे ना, ताई. जिवंत आहे. मग 'होत्या' कशाला?"

"अगं बाई... यंत्राला एवढं कळलं?"

"पोलीस त्याच्या घरी पोचले तेव्हा तो शाळेकडेच निघाला होता. पिशवीत सुरा."

"काही बोलला?"

"'मी एकही वाईट शब्द लिहिला नव्हता, तुम्हाला कळलं कसं?' एवढंच विचारत राहिला."